लिव्हरवर गाठी, मूळ सापडत नाही: न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरमध्ये तपासण्या आणि उपचारांचा क्रम कसा लावायचा

सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसतात, सुईने तुकडा काढला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो: मेटास्टॅटिक न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, मूळ ठिकाण अज्ञात. म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ, जी दुसरीकडून पसरत लिव्हरपर्यंत आली आहे. इथून पुढे घरचे लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण 'पसरलाय, आता वेळ घालवू नका' म्हणत त्याच आठवड्यात केमो सुरू करून घेतात. काही जण उलटं करतात. मूळ सापडल्याशिवाय औषध नाही, या हट्टाने एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, पुन्हा एंडोस्कोपी, मग लातूर, सोलापूर, हैदराबाद अशी फिरती चालते. फाइल जाड होत जाते आणि पेशंट वाळत जातो.

दोन्हीकडे चूक क्रमाची आहे. या आजारात उपचार ठरतो तो आधी पेशी कशा दिसतात आणि किती वेगाने वाढतात यावर, मग त्यांच्यावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या जागा, आहेत का यावर, आणि त्यानंतर मूळ जागेवर. मूळ शोधायचंच, पण त्याच्यासाठी उपचार अडवून ठेवायचा नाही.

हा लेख पेशंटच्या घरच्यांसाठी आणि तालुक्याच्या गावी असे पेशंट पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. कोणतं औषध, किती, हे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्यासमोर योग्य कागद योग्य क्रमाने ठेवणं मात्र घरच्यांच्या हातात असतं.

टप्पा १: घरून निघण्याआधी

एका कागदावर पेशंट सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी लिहा. आम्लपित्ताची गोळी यातून हमखास सुटते, कारण तिला कुणी औषध समजतच नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, काहीही असेल तर ते, आणि किती दिवसांपासून, हे लिहा. साखरेच्या, बीपीच्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्याही लिहा.

दुसऱ्या कागदावर लक्षणं. इथे नेमके प्रश्न विचारावे लागतात:

- चेहरा-छाती अचानक तापते का? सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, म्हणून 'लाल होतो का' असं विचारून उपयोग नाही. 'तोंडावर गरम वाफ आल्यासारखं होतं का' असं विचारा. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला असं झालं की पाळी जाण्याच्या नावावर खपवलं जातं.
- रात्री झोपेतून उठवणारे पातळ जुलाब होतात का? उपाशी असतानाही होतात का?
- घाम, धडधड, डोकेदुखी आणि बीपी एकदम चढणं, असे झटके येतात का?
- उपाशीपोटी चक्कर, घाम, बडबड, आणि गूळ-साखर खाल्ली की बरं वाटणं?
- वर्षानुवर्षं पोटात मधूनच कळ येऊन फुगणं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूळ सापडत नाही अशा पेशंटमध्ये ते बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दडलेलं निघतं, आणि अशा पेशंटची पोटदुखी 'गॅस' म्हणून अनेक वर्षं काढलेली असते.

सोबत सीटीची सीडी (फक्त फिल्म नको), जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, क्रिएटिनिनचा ताजा आकडा, आधार आणि रेशन कार्ड. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण कोणता उपचार बसतो, कोणती तपासणी बसत नाही, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला *आधी* विचारा. बिल झाल्यावर विचारून काही होत नाही.

टप्पा २: तुकडा नीट मिळवा

संपूर्ण इमारत या तुकड्यावर उभी राहते, आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

१. बारीक सुईने काढलेल्या पेशी, म्हणजे एफएनएसी, पुरेशा नाहीत. त्यातून 'न्यूरोएंडोक्राइन वाटतं' इतकं कळू शकतं, पण ग्रेड, म्हणजे गाठीच्या वाढीच्या वेगाची पायरी, भरवशाने ठरत नाही. जाड सुईची कोअर बायोप्सी मागा.

२. पेशंटला बीपीचे झटके येत असतील, किंवा गाठ मूत्रपिंडाच्या वर वा पाठीच्या कण्यालगत असेल, तर सुई घालण्याआधी रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन तपासून घ्यायला सांगा. फिओक्रोमोसायटोमा किंवा पॅराग्यांग्लिओमा, म्हणजे बीपी चढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ, असेल तर सुई टोचल्याने बीपी जीवघेणं चढू शकतं.

३. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकून 'संध्याकाळी लॅबला देतो' असं करू नका. एकदा तुकडा खराब झाला की त्यावरचे पुढचे सगळे डाग, म्हणजे पेशी ओळखायला लॅबमध्ये लावतात ते खास रंग, फसवे येतात.

४. लॅबमधून फक्त रिपोर्ट घेऊन निघू नका. मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड सही करून ताब्यात घ्या, त्यांचा नंबर रिपोर्टशी जुळतो का बघा.

*सावधान:* ब्लॉक मेणाचा असतो. परभणी-नांदेडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो मऊ पडतो. कापसात गुंडाळून डबीत घाला आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

टप्पा ३: रिपोर्टात या ओळी आहेत का ते पाहा

पॅथॉलॉजी रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण शोधायच्या गोष्टी मोजक्या आहेत.

*पहिली: पेशी वेल डिफरन्शिएटेड (निरोगी पेशींशी बऱ्यापैकी मिळत्याजुळत्या) की पुअर्ली डिफरन्शिएटेड (ओळख हरवलेल्या).* पहिल्या प्रकाराला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात, दुसऱ्याला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. नावं सारखी वाटली तरी आजार वेगळे आहेत. पहिला अनेकदा वर्षानुवर्षं रेंगाळतो, दुसरा आठवड्यांत वाढतो.

*दुसरी: केआय-६७ चा टक्का.* किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते हा आकडा सांगतो. वेल डिफरन्शिएटेड ट्यूमरमध्ये ३ टक्क्यांच्या आत ग्रेड १, ३ ते २० टक्के ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. कार्सिनोमामध्ये तो २० च्या वर असतोच, बऱ्याचदा ५५ च्याही पुढे. 'लो' किंवा 'हाय' असं शब्दांत लिहिलं असेल तर परत जाऊन आकडा लिहून आणा.

*तिसरी: न्यूरोएंडोक्राइन असल्याचा पुरावा.* सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-१ यांपैकी किमान दोन डाग केलेले असावेत.

*चौथी: मूळ कुठलं असावं याचा इशारा देणारे डाग.* सीडीएक्स-२ असेल तर लहान आतडं, टीटीएफ-१ किंवा ओटीपी असेल तर फुप्फुस, आयलेट-१ किंवा पॅक्स-६ असेल तर स्वादुपिंड किंवा गुदाशय, सॅटबी-२ असेल तर अपेंडिक्स किंवा मोठ्या आतड्याचा शेवट, कॅल्सिटोनिन असेल तर थायरॉइड. हे इशारे आहेत, निकाल नव्हेत. विशेषतः पुअर्ली डिफरन्शिएटेड कार्सिनोमात टीटीएफ-१ कुठल्याही अवयवाच्या गाठीत दिसू शकतो. त्यावरून 'फुप्फुसाचाच आहे' असं म्हणता येत नाही.

ग्रेड ३ ट्यूमर आणि कार्सिनोमा यांच्यात गोंधळ असेल तर पी-५३ आणि आरबी-१ हे डाग करायला सांगा. केमो द्यायची की नाही, द्यायची तर कोणती, हे यावर उलटंपालटं होतं.

*इथे थांबून करायचं काम:* स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या मोठ्या केंद्रात दाखवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पॅथॉलॉजीचं पुनरावलोकन होतं. माझं ठाम मत आहे की पेशंटच्या आधी ब्लॉक मुंबईला जाऊ द्यावा. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने मुलगा ब्लॉक घेऊन गेला तर चालतं का, नोंदणीला कोणते कागद लागतात, हे फोनवर विचारून घ्या. रात्रभर जुलाब होणाऱ्या माणसाला परळच्या रांगेत फक्त स्लाइडसाठी उभं करू नका.

*घाई केव्हा करायची:* पुअर्ली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा पक्का झाला आणि पेशंट रोज खालावत असेल, तर पुढचे सगळे टप्पे आटोपते घ्या. छाती-पोटाचा सीटी, किडनी-लिव्हरच्या तपासण्या, आणि थेट केमो. इथे मूळ शोधण्यात आठवडे घालवणं परवडत नाही.

टप्पा ४: रक्त आणि लघवी

*क्रोमोग्रॅनिन-ए.* ही रक्तचाचणी निदानासाठी कमकुवत आहे, पुढे तुलना करायला ठीक. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी ती वाढते, किडनी खराब असेल तर वाढते, जठराचं अस्तर झिजलेलं असेल तरी वाढते. डॉक्टरांना विचारून गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवल्यावरच रक्त द्या. पण अल्सर फुटण्याचा इतिहास असेल किंवा गॅस्ट्रिनोमाचा (जठरात आम्ल वाढवणाऱ्या गाठीचा) संशय असेल तर गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. पुढच्या वेळीही त्याच लॅबमध्ये करा, कारण किट बदललं की आकडे जुळत नाहीत.

*२४ तासांची लघवी, ५-एचआयएए.* काही गाठी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, त्याचा लघवीत उतरणारा अंश ही चाचणी मोजते. वाफा आणि जुलाब असतील तर ही चाचणी उपयोगाची, आणि ती बिघडवणाऱ्या गोष्टी नेमक्या आपल्या ताटात असतात. आधीचे तीन दिवस आणि गोळा करण्याचा दिवस मिळून केळी, टोमॅटो, वांगी, अननस, किवी, अक्रोड बंद. अर्धापूरच्या घरात केळी बंद म्हणजे कठीण, आणि वांग्याच्या भरिताशिवाय भाकरी उतरत नाही, हे मान्य. पण एका केळ्याने आकडा चढला की पुढे नको त्या तपासण्या मागे लागतात. ज्वारीची भाकरी, तूर-मुगाचं वरण, भात, दूध, ताक चालतं. टोमॅटोची फोडणी मात्र नको. पॅरासिटामॉल आणि खोकल्याची औषधं यांबाबत लॅबला विचारा.

गोळा करायचा क्रम:

१. लॅबकडून आम्ल घातलेला कॅन आणा. आम्ल सांडून टाकायचं नाही, कॅन धुवायचा नाही.
२. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहा.
३. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. शौचाला जाताना होणारी लघवी सुटते, ती आधी वेगळी गोळा करा.
४. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी घेऊन थांबा.
५. कॅन थंड जागी, लहान मुलांच्या हाताबाहेर. फ्रीज नसेल तर बर्फाच्या पेटीत.

उपाशीपोटी चक्कर येणाऱ्यांची साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड झटका चालू असताना एकाच वेळी घेतलेले हवेत. साखर सुधारल्यावर घेतलेलं रक्त निरुपयोगी.

वाफा-जुलाब असणाऱ्या प्रत्येक पेशंटचा एकदा हृदयाचा टूडी इको करून घ्या. सेरोटोनिनमुळे उजव्या बाजूच्या झडपा खराब होतात आणि पायावरची सूज लिव्हरच्या खात्यात जमा होते.

टप्पा ५: स्कॅन, याच क्रमाने

१. *तीन फेजचा सीटी*, छाती-पोट-ओटीपोट. फेज म्हणजे शिरेतून रंगद्रव्य सोडल्यावर फोटो काढण्याची वेळ. साधा कॉन्ट्रास्ट सीटी एकाच फेजमध्ये झालेला असतो. या गाठी रक्ताने भरलेल्या असतात, त्या आर्टरियल (सुरुवातीच्या) फेजमध्ये चमकतात आणि नंतर लपतात. मागणीपत्रावर 'न्यूरोएंडोक्राइन, मूळ अज्ञात, लहान आतडं आणि मेसेंटरी पाहणे' असं लिहून द्यायला सांगा. आतड्याच्या पडद्यात ताऱ्यासारखी ओढलेली, कॅल्शियम साचलेली गाठ दिसली तर मूळ जवळच्या आतड्यात असण्याची शक्यता मोठी. हा प्रश्न न विचारता काढलेल्या सीटीत ती नजरेतून सुटते.

२. *गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट-सीटी.* रिसेप्टर असलेल्या गाठी यात चमकतात, म्हणून वेल डिफरन्शिएटेड गाठींसाठी हा मुख्य स्कॅन. मूळ शोधायलाही हाच सगळ्यात कामाचा, आणि उपचाराची निवडही यावर. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं, म्हणजे ते जागेवरच तयार करावं लागतं. म्हणून साधा पेट ज्या शहरात होतो तिथे हा होईलच असं नाही. तारीख घेताना नावासकट विचारा.

*सावधान:* 'पेट स्कॅन लिहून दिलाय' एवढ्यावर नजीकच्या केंद्रात जाऊन साखरेचा, म्हणजे एफडीजी पेट करून येणं, ही फार मोठ्या प्रमाणावर होणारी चूक आहे. ग्रेड १ मध्ये एफडीजी अनेकदा कोरा येतो, पैसे जातात आणि घरचे 'काहीच नाही' म्हणून निर्धास्त होतात.

३. *एफडीजी पेट* कधी? ग्रेड ३, कार्सिनोमा, किंवा ग्रेड २ मध्ये गाठी अपेक्षेपेक्षा भराभर वाढत असतील तेव्हा. याला किमान सहा तास उपाशी आणि साखर ताब्यात लागते. डोटा स्कॅनला कडक उपवास लागत नाही.

लांब टिकणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर डोटा स्कॅनची तारीख पुढच्या डोसच्या अगदी आधीची घ्या. इंजेक्शन झाल्यावर चार दिवसांनी स्कॅन, हा उलटा क्रम होऊ देऊ नका.

स्कॅन वाचताना दोन गोष्टी फसवतात. स्वादुपिंडाच्या डोक्याचा एक भाग निरोगी माणसातही चमकू शकतो, आणि क्षयाच्या किंवा सुजेच्या लसिकाग्रंथीही रंग पकडतात. टीबी झालेला असेल तर स्कॅनच्या अर्जावर लिहा.

टप्पा ६: मूळ शोधण्याची मर्यादा

डोटा स्कॅनने दिशा दिली तर त्याच दिशेने एकच पुढची तपासणी करा. स्वादुपिंडाकडे बोट असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी. आतड्याकडे असेल तर सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा खास सीटी) आणि इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, टोकापर्यंत जाणारी कोलोनोस्कोपी. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात 'टर्मिनल इलियम पाहिलं' असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर ती तपासणी या कामापुरती अर्धीच. गुदाशय सोपा आहे, तिथे बोटाने तपासणी झालीच पाहिजे. कातडी, थायरॉइड आणि पुरुषांत प्रोस्टेट एकदा पाहून घ्या.

दिशा मिळाली नाही, आणि गाठी काढण्याजोग्याही नाहीत? शोध इथे थांबवा आणि उपचाराला लागा. गाठी काढता येण्यासारख्या असतील तर मात्र अनुभवी सर्जन पोट उघडून आतडं हाताने चाचपतात. मिलिमीटरभराची गाठ कधी कधी अशीच सापडते, आणि आतड्यात एकाहून जास्त गाठी असणं नेहमीचं आहे.

टप्पा ७: उपचार कसा ठरतो

*वेल डिफरन्शिएटेड, ग्रेड १ किंवा २ मधला खालचा टक्का, रिसेप्टर असलेला:* सुरुवात ऑक्ट्रिओटाइड ३० मिलिग्रॅम स्नायूत किंवा लॅनरिओटाइड १२० मिलिग्रॅम कातडीखाली खोलवर, दर २८ दिवसांनी. गाठी आटतील असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. वाढ रोखणं आणि वाफा-जुलाब थांबवणं हे यांचं काम. गाठी थोड्या आणि लक्षणं नसतील तर काही वेळा फक्त लक्ष ठेवणंही योग्य ठरतं.

*रिसेप्टर भरपूर, तरी गाठी वाढल्या:* ल्युटेशियम-१७७ डोटाटेट, म्हणजे रिसेप्टरला चिकटून गाठीला आतून किरणं देणारं औषध, सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि किडनी पुरेशी असावी लागते. सोबत किडनी वाचवायला अमिनो आम्लांचं सलाइन देतात, त्याने मळमळ होते, ती ल्युटेशियमची नव्हे. घरी आल्यावर काही दिवस गरोदर बाया आणि लहान मुलांपासून अंतर, वेगळी झोप, संडासात दोनदा पाणी. गावाकडे शौचालय सामायिक असेल तर हे आधीच त्या विभागाला सांगा.

*फक्त लिव्हरमध्ये जास्त ओझं:* रक्तपुरवठा बंद करणारं एम्बोलायझेशन किंवा शस्त्रक्रिया. निवड सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट मिळून करतात.

*रिसेप्टर नसलेले किंवा उपचारानंतरही वाढत राहणारे:* एव्हरोलिमस, कॅबोझँटिनिब किंवा कॅपसायटाबिन आणि टेमोझोलोमाइड. शेवटची जोडी स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये जास्त चालते. एव्हरोलिमसने तोंड येतं आणि साखर वाढते.

*कार्सिनोमा:* सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइड, २१ दिवसांच्या चक्राने, साधारण चार ते सहा चक्रं. ही केमो छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात घेता येते. तिच्यासाठी मुंबई गाठायची गरज नसते. ग्रेड १ ला मात्र ही जोडी उपयोगाची नाही, आणि टप्पा ३ वगळणाऱ्यांचा नेमका इथे घात होतो.

*भूल देण्याआधी:* कुठल्याही शस्त्रक्रियेत, दात काढण्यातही, वाफा-जुलाबांचा पेशंट असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा. ऑक्ट्रिओटाइड तयार न ठेवल्यास कार्सिनॉइड क्रायसिस होऊ शकतो. त्यात बीपी एकदम कोसळतं.

टप्पा ८: घरी सांभाळताना

ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. शहरातून गावी आणताना बर्फाच्या पेटीत, बर्फाला थेट न टेकवता. देण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून सामान्य तापमानाला येऊ द्या, आणि स्नायूत द्यायचं असेल तर मिसळल्यावर लगेच द्या. मिसळून ठेवलेलं सुईत अडकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला पहिल्या वेळी कंपनीच्या पत्रकासह दाखवा.

तेलकट, तरंगणारा संडास होऊ लागला तर तो आजार वाढल्याचं लक्षण असेलच असं नाही. या इंजेक्शनाने स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडतात, एन्झाइमच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या की सुधारतं. पित्ताशयात खडेही होतात. रक्तातल्या साखरेचे आकडे बदलू शकतात, पहिले दोन महिने साखर मोजत राहा.

हातांच्या मागच्या बाजूला, मानेभोवती, उन्हाला उघड्या भागांवर कातडी काळी-खरखरीत होत असेल तर शेतातल्या उन्हाला दोष देऊन सोडू नका. सेरोटोनिन बनवण्यात ट्रिप्टोफॅन (प्रथिनातला एक घटक) खर्च झालं की त्यापासून बनणारं नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं. डॉक्टरांना दाखवा, नायसिनच्या गोळीने फरक पडतो.

सीटी ग्रेड १-२ मध्ये सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी, कार्सिनोमात दोन-तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी जुनी सीडी सोबत न्या आणि 'आधीच्या स्कॅनशी तुलना' हे शब्द रिपोर्टात आहेत का पाहा. गाठींच्या वागण्यात एकाएकी फरक पडला, तर नवा तुकडा घ्यायला सांगा, कारण ग्रेड बदलू शकतो. मूळ पुढच्या एखाद्या स्कॅनमध्ये दिसलं तर फाइल घेऊन टप्पा ७ वर परत या. काही औषधांचे पर्याय आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तेव्हा नव्याने घ्यावा लागतो.